मानसशास्त्रज्ञाची पहिली भेट : पूर्वतयारी आणि घरच्यांचे कर्तव्य

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या पाचगणी येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय निवडण्याची मुभा व्यवस्थापकांनी मला दिली, तेव्हा ज्या विषयाची चर्चा आपल्या घरांत दार लावून केली जाते तोच विषय या उघड्या सभागृहात मांडावा, असे मी ठरविले. घरातील एखाद्या माणसाचे मन आजारी पडले, किंवा दुःखाने वा काळजीने ते इतके थकले की रोजचे व्यवहार होईनासे झाले, तर त्याला मानसशास्त्रज्ञाकडे न्यावे, एवढे आता आपल्यापैकी पुष्कळांना पटले आहे. परंतु जाण्यापूर्वी कोणती तयारी करावयाची, तेथे गेल्यावर काय बोलावयाचे आणि घरच्यांनी कसे वागावयाचे, हे सांगणारा कोणी भेटत नाही. परिणामी पटलेली गोष्टही महिनोन्महिने लांबणीवर पडते. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही; एक निवृत्त शिक्षक आहे. औषधोपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. तयारी कशी करावी हे सांगणे मात्र शिक्षकाच्या कक्षेत येते, तेवढ्याच आधारावर मी बोलणार आहे.

प्रथम आपण ज्या गावी जमलो आहोत त्या गावाकडे पाहू. पाचगणी म्हटले की परगावच्या माणसाला टेबललँडचे पठार, सिल्व्हर ओकची उंच झाडे, स्ट्रॉबेरीचे मळे आणि निवासी शाळा आठवतात. परंतु या गावाची आणखी एक ओळख होती. येथील निर्मळ हवेसाठी क्षयरोगी येथे येऊन राहत. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम स्थापन केले. पुढे १९६४ मध्ये ते रेडक्रॉस संस्थेकडे गेले. त्या काळी क्षय हा शब्द घरात कोणी मोठ्याने उच्चारीत नसे. ‘छाती जरा नाजूक आहे’, ‘हवापालटासाठी पाठविले आहे’, असे पाहुण्यांना सांगितले जाई. रोग कळला तर धाकट्या बहिणीचे लग्न जमणार नाही, ही धास्ती रोगाच्या धास्तीइतकीच मोठी असे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू १८८२ सालीच शोधून काढले होते. स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरील गुणकारी औषध १९४३ मध्ये सापडले. पण औषध आले म्हणून लपवाछपवी एका दिवसात गेली नाही. रोग बरा होतो हे ठाऊक झाल्यावरही लाज मागे राहिली, आणि त्या लाजेपायी उशिरा उपचारास आलेली माणसे दगावली.

आणखी एक योगायोग सांगतो. ज्या १९१२ साली या डोंगरावर क्षयरोग्यांसाठी बेल एअर उभे राहिले, त्याच १९१२ साली इंग्रज सरकारने मनोरुग्णांसाठी कायदा केला. त्याच्या नावातच ‘वेडेपणा’ हा शब्द होता आणि त्याची दृष्टी मुख्यतः रुग्णाला कोठे व कसे ठेवावे, ही होती. १९८७ मध्ये त्याच्या जागी दुसरा कायदा करण्यात आला, आणि २०१७ मध्ये मानसिक आरोग्यसेवा कायदा संमत झाला. या नव्या कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे आणि रुग्णाविषयीची माहिती गुप्त राखण्याचे बंधन उपचार करणारांवर घातले आहे. म्हणजे कायदा शंभर वर्षांत कोठून कोठे आला! आपल्या घरांतील बोलणे मात्र अद्याप पुष्कळसे १९१२ सालातच आहे.

हा प्रश्न आपल्या ज्ञातीत नाही, असे म्हणणारे सद्गृहस्थ असतील. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली. तीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि बहुतेक विकारांच्या बाबतीत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारावाचून असल्याचे दिसून आले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु माणसाचे मन राज्याची सीमा पाहून आजारी पडत नाही. या सभागृहात तीनशे माणसे बसली असतील, तर या हिशेबाने तीसएक जणांना हे व्याख्यान केवळ ऐकावयाचे नसून उपयोगात आणावयाचे आहे. ते कोण, हे शोधण्यासाठी कृपा करून कोणी माना वळवू नयेत.

आता मूळ विषय. कोणाकडे जावयाचे, येथेच पहिला घोटाळा होतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवी घेऊन पुढे मनोविकारांचे विशेष शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषधे देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ हे मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले असतात. ते औषधे देत नाहीत. संभाषण, निरनिराळ्या मानसशास्त्रीय चाचण्या आणि विचार-वर्तनाचे शिस्तबद्ध शिक्षण ही त्यांची साधने होत. मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि ‘आपली नोंदणी आहे काय?’ असे नम्रपणे विचारण्यात उद्धटपणा नाही. शाळा-महाविद्यालयांतून समुपदेशक असतात. अभ्यास, मैत्री, घरातील ताण अशा अडचणींत त्यांचे साहाय्य होते. या तिघांपैकी चुकीच्या दाराशी गेलो तर काय, अशी भीती बाळगू नये. जाणता माणूस योग्य दाराकडे स्वतःच पाठवितो. अनेकदा औषधे आणि संभाषण दोन्हींची गरज असते, आणि तेव्हा डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ मिळून काम करतात.

तत्पूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची एक भेट अवश्य घ्यावी. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, रक्त कमी झाले किंवा ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव झाली, तरी माणूस थकलेला, उदास आणि विसराळू दिसू शकतो. साध्या रक्ततपासणीने हे कळते. तपासणीचे कागद पुढे मानसशास्त्रज्ञाच्या भेटीतही उपयोगी पडतात.

केव्हा जावे? वेड लागल्यावर जावयाचे, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टी नकोशा होणे, झोप आणि भूक बिघडणे, कामावरून लक्ष उडणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली, तर जावे. विनाकारण धास्ती वाटत असेल, एखादा विचार पुनःपुन्हा येऊन छळत असेल, बाळंतिणीचे मन हरवल्यासारखे झाले असेल, मद्याचा पेला सुटत नसेल, तरीही जावे. शिक्षकाच्या नजरेने आणखी एक खूण सांगतो. वह्या तपासताना आम्हांला मुलाचे मन अक्षरात दिसते. वर्षभर नीटनेटके लिहिणाऱ्या मुलाचे अक्षर अचानक विस्कटले, पाने अर्धी सुटू लागली, तर त्याला छडी दाखविण्यापूर्वी ‘काय झाले, बाळ?’ असे विचारावे. येथे पाचगणीत घरापासून दूर राहणारी शेकडो मुले आहेत. ‘मला करमत नाही’ एवढेच ती सांगतात. हे तीन शब्द हसण्यावारी नेऊ नयेत. आठ-पंधरा दिवसांत करमू लागले तर उत्तम. न लागले तर चौकशी करावी.

एका बाबतीत मात्र भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नये. घरातील कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’, ‘मी गेलो तर बरे’ असे बोलू लागला, तर त्याला शांतपणे व स्पष्टपणे विचारावे, ‘मरणाचे विचार मनात येतात का?’ विचारल्याने तो विचार त्याच्या मनात उत्पन्न होत नाही. उलट कोणी तरी ऐकून घेत आहे, असा धीर त्याला येतो. त्याला एकटे ठेवू नये, शेतीची कीटकनाशके आणि घरातील औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक आजच घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, अशी माझी माताभगिनींना विनंती आहे.

कोठे जावे, हाही प्रश्न असतो. आपल्याला पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाई आणि तेथून सातारा हा मार्ग परिचयाचा आहे. जिल्हा रुग्णालयांतून मानसिक आरोग्याची सेवा देण्यासाठी १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबविला जात आहे. म्हणून पहिली चौकशी साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात करावी. सांगलीकडील मंडळींनी आपल्या जिल्ह्यात तशीच चौकशी करावी. पुण्याच्या येरवडा येथे शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथेही तशी रुग्णालये आहेत. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी स्थापन केलेली संस्था, किंवा व्यसनमुक्तीसाठी डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘मुक्तांगण’, ही नावे आपण ऐकली असतील. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे जावयाचे असल्यास वेळ ठरवितानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : शुल्क किती, भेट किती वेळ चालेल आणि मराठीतून बोलता येईल काय. बहुधा पाऊण तास ते एक तास दिला जातो.

आता प्रत्यक्ष तयारी. तिचे मुख्य साधन म्हणजे कागदाचा एक ताव आणि पेन्सिल. भेटीपूर्वी चार-पाच दिवस रोज थोडे लिहावे. हा त्रास केव्हापासून आहे, त्या सुमारास घरात, कामात किंवा शरीरात काय बदलले, झोप किती, भूक कशी, कोणत्या वेळी अधिक वाईट वाटते आणि कशाने थोडे बरे वाटते, एवढे पुरे. भाषा साधी असावी. ‘दिवाळीपासून पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. जेवण निम्म्यावर आले. दुकानाचा हिशेब दोनदा चुकला. दर गुरुवारी भजनास जात असे, आता जावेसे वाटत नाही.’ अशा चार ओळींनी जे कळते ते ‘मी फार निराश आहे’ या एका मोठ्या वाक्याने कळत नाही.

येथे भाषेविषयी दोन शब्द बोलतो. कोठे तरी वाचलेले वा ऐकलेले रोगाचे नाव घेऊन जाऊ नये. नाव ठरविणे हे त्यांचे काम आहे. आपण अनुभव न्यावा. आपल्या मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, डोके भणभणते, अंगात त्राण उरत नाही, उगीच रडू येते, कशातच मन लागत नाही, हे सारे शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी वापरले आहेत. ते तसेच सांगावेत. ग्रांथिक भाषेत बोलण्याची आवश्यकता नाही. गावाकडचा शब्द तोंडात आला तर तोच योजावा. समोरच्याला न कळल्यास तो विचारील.

कागदाच्या दुसऱ्या बाजूस औषधांची यादी लिहावी. रक्तदाबाची, मधुमेहाची, झोपेची गोळी, आयुर्वेदिक काढा, कोणी दिलेले चूर्ण, सर्व लिहावे. तंबाखू, विडी, दारू यांचे प्रमाणही खरे लिहावे. तेथे पोलीस चौकी नाही आणि ज्ञातीची पंचायतही नाही. पूर्वी कोणाकडे उपचार घेतले असतील, तर ते कागद बरोबर घ्यावेत. आधीपासून चालू असलेली औषधे ‘आता नव्या ठिकाणी जावयाचे आहे’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

तिसरी गोष्ट कुटुंबाच्या इतिहासाची. ‘तुमच्या घरात पूर्वी कोणास असा त्रास होता काय?’ हा प्रश्न बहुधा विचारला जातो. याचे उत्तर तरुणांना ठाऊक नसते. ते आजीला वा आत्याबाईंना ठाऊक असते. ‘मोठे काका संन्यास घेऊन गेले’, ‘मावशी माहेरीच राहिली’, अशा वाक्यांच्या आड पुष्कळदा आजार दडलेला असतो. वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, नातवाने किंवा सुनेने विचारले तर खरे सांगावे. त्याने मेलेल्यांची बदनामी होत नाही. जिवंतांवरील उपचार सुकर होतात.

चौथी गोष्ट म्हणजे आपल्याला काय हवे ते एका ओळीत लिहिणे. ‘रात्री झोप यावी’, ‘परीक्षेला बसता यावे’, ‘मुलांवर ओरडणे थांबावे’, असे काही. त्याखाली आपले प्रश्न लिहावेत : किती भेटी लागतील, औषध घ्यावे लागेल काय, घरच्यांना काय सांगितले जाईल, दोन भेटींच्या मध्ये त्रास वाढला तर काय करावे. तेथे बसल्यावर प्रश्न आठवत नाहीत, म्हणून कागद समोर ठेवून वाचले तरी चालते. हा कागद म्हणजे परीक्षेत लपवून नेलेली चिठ्ठी नव्हे!

एवढे झाले म्हणजे तयारी पूर्ण झाली. भाषण पाठ करू नये. पहिली भेट ही परीक्षा नाही. तिच्यात उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होणे नसते. मानसशास्त्रज्ञ नाव, वय, घर, काम, आजारपण असे साधे प्रश्न विचारतो, पुष्कळ ऐकतो, थोडे लिहून घेतो. एखादी प्रश्नावली भरण्यास देतो. कोणी डोळ्यांत डोळे घालून मनातले ओळखीत नाही. रडू आले तर रडावे. त्या खोलीला रडण्याची सवय असते. एखादी गोष्ट फार जड असेल, तर ‘हे मी आज सांगू शकत नाही’ असे म्हणण्याची मोकळीक असते. खोटे सांगण्यापेक्षा ते शतपटीने बरे. निघताना लगेच तोडगा हाती पडेलच, असेही नाही. पाया खणण्यासच पहिला दिवस जातो. दोन-तीन भेटींनंतरही त्या व्यक्तीशी मन जुळले नाही, तर तसे सांगून दुसऱ्याकडे जाता येते. एका गुरुजींजवळ न उमगलेले गणित दुसऱ्या गुरुजींजवळ उमगते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

प्रवासाविषयी एक व्यावहारिक सूचना करतो. भेटीच्या दिवशी सातारा-पुण्याची इतर कामे जोडून घेऊ नयेत. ‘जातोच आहोत तर लग्नाचा बस्ताही बांधू आणि मामांकडेही डोकावू’, असे केले की घाई होते आणि मामांकडे ‘कशासाठी आला होता?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. घाटात गाडी अडकते, म्हणून एक तास आधी निघावे. परतताना थकवा येण्याचा संभव असतो. तो दिवस मोकळा ठेवावा.

आता घरच्यांचे कर्तव्य. माझ्या मते अर्धी तयारी त्यांचीच आहे. बरोबर कोणी जावे? जाणाऱ्याला जो हवा असेल त्याने. घरात कर्ता पुरुष आहे म्हणून त्यानेच गेले पाहिजे, असा नियम नाही. सुनेला आपली आई किंवा मैत्रीण बरोबर हवी असेल, तर सासूबाईंनी राग मानू नये. आत गेल्यावर तिच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. ‘तिला काही होत नाही हो, विचार फार करते’, हे वाक्य बाहेरच ठेवावे. मानसशास्त्रज्ञाने ‘थोडा वेळ बाहेर बसा’ म्हटले की निमूटपणे उठावे.

मुलांना फसवून नेऊ नये. ‘टेबललँडवर घोड्यावर बसवितो’ असे सांगून दवाखान्यात नेले, तर त्या मुलाचा आपल्यावरचाही विश्वास जातो आणि आत बसलेल्या माणसावरचाही. ‘तुला झोप लागत नाही, म्हणून आपण एका बाईंशी बोलणार आहोत. त्या सुई टोचत नाहीत. तू मूर्ख आहेस किंवा वाईट आहेस म्हणून नेत नाही,’ असे सरळ सांगावे. ‘अभ्यास केला नाहीस तर वेड्यांच्या डॉक्टरकडे नेईन’ ही धमकी तर आपल्या घरांतून कायमची हद्दपार झाली पाहिजे. जेथे उपचारासाठी जावयाचे ते ठिकाण शिक्षेचे ठरविले, तर गरज पडेल तेव्हा मूल तेथे कसे जाईल?

घरी परतल्यावर ‘काय काय सांगितलेस? आमच्याविषयी काय बोललीस?’ अशी उलटतपासणी करू नये. खोलीत झालेले बोलणे गुप्त राहते, हाच या उपचाराचा पाया आहे. स्वतःच्या वा इतरांच्या जिवास धोका असेल अशा प्रसंगी ते बोलणे मर्यादेपुरते उघड करावे लागते, आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांशी आवश्यक तेवढे बोलले जाते. या मर्यादा प्रारंभीच समजावून घ्याव्यात. परतल्यावर चहा द्यावा आणि जेवणास काय करू, एवढे विचारावे.

देवधर्माविषयी न बोलता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपली कुटुंबे श्रद्धाळू आहेत. कुलदैवताला नवस बोलण्याने कोणाच्या मनाला धीर येत असेल, तर त्याच्या आड मी येत नाही. परंतु नवसासाठी भेट पुढे ढकलू नये; दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, धुरी देणे, हे मात्र पाप तर आहेच, शिवाय गुन्हाही आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झटून प्रयत्न केले, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली, त्यांच्या हत्येनंतर झाला. आपल्या जिल्ह्याने त्या कायद्याची फार मोठी किंमत मोजली आहे. निदान आपण तरी तो विसरू नये.

कोणी म्हणेल, ‘पूर्वी कोठे होते मानसशास्त्रज्ञ? तेव्हा का माणसे जगली नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. पूर्वी ओटा होता, शेजार होता, वारीत बरोबर चालणारी माणसे होती. रात्री भाकरी खाऊन झाल्यावर ऐकून घेणारा कोणी तरी असे. त्या आधाराची थोरवी मी मानतो, आणि आजही तो आधार उपचाराइतकाच हवा. पण त्याच काळात मागच्या खोलीत कोंडलेली माणसेही होती, विहिरीत सापडलेल्या लेकीसुनाही होत्या, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. जुन्याचा आधार ठेवावा आणि नव्याचे ज्ञान घ्यावे, यातच शहाणपण आहे.

शेवटी, मंडळींनो, आपल्याच दाराशी येतो. आपली कुटुंबे मानसशास्त्रज्ञाकडे जाण्यास कचरतात ती त्या मानसशास्त्रज्ञाला भिऊन नव्हे, आणि पुष्कळदा पैशांच्या अडचणीनेही नव्हे. ती आपल्याला भितात. याच संमेलनात दुपारी वधूवर परिचयाचा कार्यक्रम होतो. तेथे ‘त्या मुलीला डॉक्टरकडे नेत होते म्हणे’ असे एक वाक्य कानोकानी फिरले की चांगले स्थळ मोडते. म्हणून आईबाप मुलीचे आजारपण लग्न होईपर्यंत दडवितात, आणि लग्नानंतर ते दोन घरांवर कोसळते. ही भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. ती खरी आहे. पण ती आपणच निर्माण केलेली आहे, म्हणून ती नाहीशी करणेही आपल्याच हाती आहे. ज्याने वेळीच उपचार घेतला आणि मोकळेपणाने सांगितले, तो माणूस आपली जबाबदारी ओळखणारा आहे, असे स्थळ पाहणाऱ्यांनी समजावे. आजार दडविण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, अशी रीत मात्र आपण पाडली पाहिजे.

कार्यकारी मंडळापुढे मी एक छोटी सूचना ठेवतो. विद्यार्थी-साहाय्य निधीतून दरवर्षी काही रक्कम अशा पहिल्या भेटीच्या प्रवासासाठी व शुल्कासाठी राखून ठेवावी. इतर साहाय्य घेणारांची नावे आपण या स्मरणिकेत छापतो. त्यात त्यांचा गौरवच आहे. या साहाय्याची नावे मात्र कोठेही छापू नयेत. हिशेबतपासनिसांना दाखविण्यापुरती नोंद एका विश्वासू सभासदाजवळ असावी, आणि अहवालात केवळ एकूण रक्कम दिसावी. ज्या वर्षी ती रक्कम पूर्ण खर्च झालेली दिसेल आणि कोणासाठी खर्च झाली, असे एकही सभासद विचारणार नाही, त्या वर्षी आपल्या ज्ञातीने खरी प्रगती केली, असे मी मानीन.